पार्कातून बाहेर कधी पडू?

"ताई नमस्कार, मी ३४ वर्षांची, नेरूळला राहते, नोकरी महाप्याला. भाऊ बंगलोरला शिफ्ट झाला तेव्हा त्याची रोड बाइक माझ्याकडे ठेवून गेला, ती डिसेंबर लागल्यापासून चालवतेय (तो पावणेसहा फूट, मी पाच-तीन). आमच्या सेक्टरच्या पार्कात आतून गोल रस्ता आहे, एक फेरी ९०० मीटरची, गेट साडेपाचला उघडतं आणि वॉचमनकाका सायकल आत नेऊ देतात. रोज १२-१५ फेऱ्या मारते. दोन आठवड्यांपूर्वी वळणावर पेव्हर ब्लॉकवरून घसरले, उजव्या बाजूला पडले, कोपर सोललं, हेल्मेट जरासं टेकलं पण तडा वगैरे नाही. तेव्हापासून भीती बसलीये. स्पीड १६-१७ च्या वर जात नाही. ऑफिसमधला एकजण पाम बीच रोडवर २८ ने जातो, तो म्हणतो पार्कात काय लहान मुलांसारखी गोल गोल फिरतेस. थंडीमुळे करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधीर होतं, सकाळी खोकला येतो. पण मला खरंच रस्त्यावर जायचंय. कधी जाऊ? आणि हो, पडल्यापासून चेन मागच्या मोठ्या चक्रावर गेली की खरखर आवाज येतो, तेल घातलं की जाईल ना? मला अहो-जाहो नको, तूच म्हणा."

तूच म्हणते मग. आणि तुझ्या शेवटच्या प्रश्नापासूनच सुरू करते, कारण तो तू जाताजाता विचारलायस आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. तेल घालून तो आवाज जाणार नाही गं. सायकल उजव्या बाजूला पडली की मागे गिअर बदलणारं जे लटकतं यंत्र असतं ना, डिरेलर, मेकॅनिक लोक त्याला आरडी म्हणतात, ते जमिनीवर आपटतं आणि ते ज्या छोट्याशा तुकड्यावर लावलेलं असतं तो हँगर आत वाकतो. बहुतेक सायकलींत हा तुकडा मुद्दाम मऊ ठेवलेला असतो, म्हणजे वाकायची वेळ आली तर हा वाकेल आणि फ्रेम वाचेल. पण हँगर आत वाकलेला असताना चेन सगळ्यात मोठ्या चक्रावर टाकली की आरडी चाकाच्या तारांना खेटायला लागतो, आणि एखाद्या दिवशी तारांत अडकला तर मागचं चाक जागेवरच जाम होतं, आरडी तुटतो, तारा तुटतात आणि तू परत खाली. म्हणून आजपासून ते मोठं चक्र वापरायचं नाही आणि याच आठवड्यात सायकल गिअरच्या सायकली रिपेअर करणाऱ्याकडे घेऊन जा. "हँगर वाकलाय का बघा" एवढंच सांग. त्याच्याकडे हँगर सरळ करायचं लांब दांड्याचं टूल असतं, थोड्या वेळाचं काम आहे. टूल न लावता हाताने ओढून सरळ करायला लागला तर नको म्हण आणि दुसरं दुकान बघ.

दुसरं हेल्मेट. "जरासं टेकलं पण तडा नाही" असं लिहिलंयस, तर ते हेल्मेट आता संपलं असंच समज. आतला फोम थर्माकोलसारखा असतो, तो एकदाच दबण्यासाठी बनवलेला आहे, दणका खाऊन दबला की परत फुगत नाही आणि हे बाहेरून दिसतही नाही. ते डोक्याऐवजी दबलं, म्हणजे त्याचे पैसे वसूल झाले. नवीन घे, भुवयांच्या वर दोन बोटं बसेल असं, आणि हनुवटीखालच्या पट्ट्यात एखाद-दोन बोटं जातील इतपतच सैल. जुनं शेजारच्या मुलांना देऊन टाकू नकोस, ती तेच घालून सायकल चालवतील.

आता त्या गोल गोल फिरण्याचं बघू. मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य, कारण पार्कात शिकणाऱ्या मोठ्या माणसांना हे कोणीतरी ऐकवतंच, आणि ते ऐकून माणूस तयारी नसताना रस्त्यावर जातो. तुझ्या त्या ऑफिसवाल्याला सांग, २०२२ साली इटलीच्या फिलिपो गान्नाने एका तासात ५६.७९२ किलोमीटर सायकल चालवून जागतिक विक्रम केला, तो २५० मीटरच्या गोल ट्रॅकवर, म्हणजे सव्वादोनशेच्या वर फेऱ्या. आपल्याकडे पुण्यात बालेवाडीलाही सायकलिंगचा असा व्हेलोड्रोम आहे, तिथेही पोरं गोलच फिरतात. एकाच रस्त्यावर परत परत फिरण्याचा फायदा हा की रस्ता काय करणार हे तुला माहीत असतं, म्हणून तू काय करतेयस याकडे लक्ष देता येतं. बाहेर रस्ता दर मिनिटाला काहीतरी नवीन करतो आणि तेव्हा स्वतःकडे बघायला वेळ नसतो, तिथे हातपायांना जे आपोआप येतंय तेवढंच कामाला येतं.

हे मी माझ्यावर बेतलं म्हणून सांगतेय. पहिल्या वर्षी मी घाई केली. पार्कात तीन आठवडे काढले, सरळ चालवता येते म्हणजे झालं असं वाटलं आणि एका रविवारी थेट पाम बीचवर गेले. एका सिग्नलच्या पुढे डाव्या कडेला रिक्षा उभी होती, तिला ओलांडायला थोडं उजवीकडे जायचं तर आधी मागे बघायला हवं, म्हणून मान वळवली, आणि मान वळली तसा खांदा वळला, खांद्याबरोबर हात आणि हाताबरोबर हँडल, मी चांगली मीटरभर मधल्या लेनमध्ये गेले. मागून टेम्पो येत होता. त्या माणसाने ब्रेक दाबला म्हणून मी आज हे लिहू शकतेय, त्याची काहीच चूक नव्हती. त्यानंतर मी परत पार्कात गेले आणि पुढचे दोन महिने तिथेच होते, आणि माझं सायकल चालवणं खरं त्या दोन महिन्यांत झालं.

म्हणून "कधी जाऊ" याचं माझं उत्तर किलोमीटर किंवा स्पीडमध्ये नाहीये. पार्कात रस्त्याच्या कडेची पांढरी रेघ किंवा पेव्हरची ओळ पकड, तिच्यावरून चालवत असताना उजव्या खांद्यावरून मागे बघ आणि मागे काय दिसलं ते मोठ्याने बोल, "हिरवा टीशर्ट, एक कुत्रा, दोन आज्या", आणि पुढे बघितल्यावर चाक अजून त्याच ओळीवर असेल, सलग दहादा, तेव्हा तू बाहेर जाऊ शकतेस. सुरुवातीला जमत नाही कोणालाच. कोपरं वाकव, हँडल घट्ट धरू नकोस, हनुवटी खांद्याकडे ने, कंबरेतून वळू नकोस. तरी हलत असेल तर उजवा हात हँडलवरून काढून मांडीवर ठेव आणि मग बघ, बऱ्याच जणांना असं सोपं जातं कारण मग खांदा वळला तरी तो हँडलला ओढत नाही.

याच्या जोडीला अजून एक खेळ, शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकल रेस असायची आठवतेय? जो शेवटी पोचेल तो जिंकणार, पाय टेकला की आउट. ती रोज एक फेरी कर, चालणाऱ्या आजोबांच्या मागे त्यांच्याच वेगाने. रोड बाइकचं हँडल फार हलकं असतं, हळू चालवताना ते डगमगतं, आणि सिग्नलला, गर्दीत, यू टर्नला आपल्याला हळूच चालवावं लागतं ना. हे माझ्या मते स्पीडपेक्षा कितीतरी जास्त कामाचं आहे. आणि एका हाताने बाटली काढून पाणी पिऊन खाली न बघता परत ठेवणं, हेही पार्कातच शिक, थंडीत तहान लागत नाही म्हणून लोक तासभर पाणीच पीत नाहीत आणि मग दिवसभर डोकं दुखतं.

आता तू पडलीस कशी ते बघूया. तू लिहिलं नाहीयेस पण मला अंदाज आहे की वळण आलं, वेग जास्त वाटला आणि तू वळता वळताच ब्रेक दाबलास. रोड बाइकचा टायर जमिनीला टेकतो तो भाग जेमतेम अंगठ्याएवढा, तेवढ्यावर तुझं आणि सायकलचं सगळं वजन. कोरड्यात हे चालून जातं. थंडीत पहाटे दव पडतं, पावसाळ्यातलं शेवाळं पेव्हर ब्लॉकच्या सावलीतल्या बाजूला अजून धरून असतं, वर दोन महिन्यांची धूळ बसलेली असते आणि दव त्या धुळीला पार साबणासारखं करून टाकतं. वर झाडांची ओली पानं. अशा ठिकाणी टायरला एका वेळी एकच काम सांगायचं, एकतर वळ नाहीतर थांब. म्हणजे सायकल सरळ असतानाच, वळणाच्या आधी वेग कमी करायचा, ब्रेक सोडून द्यायचा आणि मग वळायचं. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली आणि वजन त्या पायावर, उजवीकडे वळतेस तर डावा पाय खाली. नजर वळणाच्या पलीकडे जिथे जायचंय तिथे ठेव, त्या ओल्या पानांवर नको, नजर जिथे सायकल तिथे. पांढरे पट्टे आणि गटाराची लोखंडी झाकणंही ओली असली की अशीच, त्यांच्यावरून जायचंच असेल तर सरळ जा, पाय थांबवून, ब्रेक न लावता.

ब्रेकबद्दल अजून एक. आपल्याकडे साधारणपणे उजवा लिव्हर पुढच्या चाकाचा असतो पण बाहेरून आलेल्या सायकलींवर उलटंही असतं, तुझी भावाची आहे तर उभ्या उभ्या एक एक लिव्हर दाबून सायकल ढकलून बघ. थांबवण्याची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच आहे, "पुढचा दाबला की तोंडावर पडतो" असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय म्हणून सगळे मागचाच दाबतात आणि मागचं चाक घसरतं. पार्कातला कोरडा सरळ पट्टा निवड, ऊन आल्यावर, कोणी नसताना, १५ च्या वेगाने ये, ढुंगण सीटच्या मागे सरकव, हात ताठ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र दाब, आधी हलका मग वाढवत, पुढचा जास्त. दहा-बारा वेळा केलंस की किती मीटरमध्ये थांबतेस ते कळेल, आणि तुझी पडण्याची जी भीती आहे ना ती मला वाटतं यानेच कमी होईल, कारण भीती थांबता येईल का याचीच असते.

टायरमध्ये हवा किती भरतेस? टायरवर १२० लिहिलेलं असतं म्हणून लोक १२० भरतात, ते जास्तीत जास्त किती चालेल त्याचा आकडा आहे. तुझं वजन साठ-पासष्टच्या आसपास धरलं आणि टायर २५ मिलिमीटर रुंदीचा असेल तर मागे ८० पीएसआय (पंपाच्या मीटरवरचं दाबाचं माप) आणि पुढे ७५ च्या आसपास पुरतं, दव असेल त्या दिवशी अजून पाचेक कमी, फक्त टायरवर कमीत कमीचा आकडा छापलेला असेल तर त्याच्या खाली जाऊ नकोस. दगडासारखा कडक टायर पेव्हरवर उड्या मारतो, उडालेला टायर जमीन धरत नाही. दुसऱ्या बाजूने, हे बारीक टायर आठवड्यात बऱ्यापैकी हवा सोडतात, तेव्हा दर दोन-तीन दिवसांनी बघायला हवं, आणि त्यासाठी घरी मीटरवाला उभा पंप पाहिजेच. व्हॉल्व्ह बारीक असेल, वर छोटी नटासारखी टोपी, तर तो प्रेस्टा, पेट्रोलपंपावरची नळी त्याला बसत नाही, पितळेचं छोटं अ‍ॅडॅप्टर मिळतं ते सीटच्या पिशवीत टाकून ठेव. पण कॉम्प्रेसरने भरताना जपून, एवढुशा ट्यूबमध्ये दोन सेकंदांत जास्त हवा जाते.

बोटांकडे येते. नवी मुंबईची थंडी म्हणजे पहाटे १६-१७ डिग्री, त्या थंडीत नेमकी करंगळी आणि शेजारचंच बोट बधीर होत नाही, झाली असती तर सगळी बोटं झाली असती. ही दोन बोटं ज्या नसेवर चालतात ती अल्नर नस तळहाताच्या करंगळीकडच्या उशीतून जाते, आणि तू पुढे झुकून सगळं वजन त्याच उशीवर टाकतेयस. का टाकतेयस ते तुझ्या कंसातल्या वाक्यात आहे. सायकल पावणेसहा फुटाच्या माणसाची आहे, तुला ती लांब पडतेय. सीट त्याच्याच उंचीवर नाहीये ना तेही बघ. कोणालातरी सायकल धरायला सांग, सीटवर बस, अनवाणी टाच खाली असलेल्या पेडलवर ठेव, पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला कलली नाही पाहिजे, ही तुझी साधारण उंची. सीटचं टोक खाली झुकलेलं असेल तर ते आडवं सरळ कर, झुकलेल्या सीटवर माणूस पुढे घसरत राहतो आणि हातांनी स्वतःला अडवत राहतो. मग हँडल जवळ आणायचं. हँडल फ्रेमला ज्या तुकड्याने जोडलेलं असतं तो स्टेम, पावणेसहा फूटवाल्याच्या सायकलला बहुधा १०० किंवा ११० मिलिमीटरचा असेल, तिथे ८० चा लावून घे. हँगरसाठी जातेच आहेस तर तेव्हाच करून घे, महाग वस्तू नाहीये.

पण खरं सांगते, एवढं करूनही हूड्सवर, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठींवर, हात ठेवल्यावर कोपरं ताठच राहत असतील तर ही सायकल तुझी नाही. भावाला फोन कर, ती विकू दे आणि तुझ्या मापाची घे, सेकंडहँड का होईना. पाच-तीनच्या बाईला साधारण ४८-५० साइझची फ्रेम लागते (कंपनीप्रमाणे थोडं इकडेतिकडे), तुझ्याकडे बहुतेक ५४ किंवा ५६ आहे. हे ऐकायला वाईट वाटेल, भावाची सायकल आहे, मला कळतं. पण मापाची नसलेली सायकल चालवून खूप बायकांनी सायकलिंग आपल्याला झेपत नाही म्हणून सोडलंय, मी स्वतः तीन-चार जणींना ओळखते, आणि त्या सगळ्या नवऱ्याची नाहीतर भावाची सायकल चालवत होत्या. तोपर्यंत दर दोन-तीन मिनिटांनी हाताची जागा बदलत रहा, मनगट सरळ ठेव. सायकलवरून उतरल्यावरही बधिरपणा तासन्‌तास राहत असेल किंवा बोटांतली ताकद कमी वाटत असेल, बाटलीचं झाकण उघडायला त्रास वगैरे, तर थांबू नकोस, डॉक्टरांना दाखव.

खोकला. तू साडेपाचला जातेस कारण तेव्हा पार्क रिकामं असतं, बरोबर? पण आपल्याकडे थंडीत सगळ्यात वाईट हवा त्याच वेळेला असते. शाळेत भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकलो होतो बघ, दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे आणि रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई. थंडीच्या रात्री हा मतलई वारा अगदी मंद असतो, जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते, वर जरा उबदार थर झाकणासारखा बसतो, आणि तुर्भ्यापासून तळोज्यापर्यंतच्या कंपन्या, रात्रीचे ट्रक, बांधकामाची धूळ, वॉचमन लोकांनी पेटवलेल्या शेकोट्या, सगळ्यांचा धूर त्या झाकणाखाली अडकतो. ऊन वर आलं, वारा सुटला की तो हलतो. आणि सायकल चालवताना आपण नेहमीच्या कितीतरी पट हवा आत घेतो, तीही तोंडाने. तू समीर अ‍ॅप टाकून घे, ते केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचंच आहे, जवळच्या हवा मोजणाऱ्या स्टेशनचा प्रदूषणाचा आकडा दिसतो. १०० च्या आत असेल तर बिनधास्त, १०१ ते २०० मध्यम, तेव्हा हळू चालव आणि खोकला चालू असेल तर नकोच, २०० च्या वर म्हणजे वाईट, त्या दिवशी घरी व्यायाम कर, सायकल पुसून काढ, चेनला तेल घाल. (खाडीच्या हवेने चेन गंजते तशीही.)

वेळेचं म्हणशील तर शनिवार-रविवार आठ-साडेआठनंतर आणि मधल्या वारी जमलं तर संध्याकाळी ऑफिसवरून आल्यावर. जानेवारीत सूर्यच सव्वासातच्या सुमारास उगवतो, साडेपाचला तू काळोखात ओल्या पेव्हरवर चालवत होतीस गं. रोज नाही जमलं तर आठवड्यात चारदा पुरे. खोकला दोन-तीन आठवडे गेला नाही किंवा छातीत शिट्टी वाजल्यासारखं होत असेल तर तेही डॉक्टरांकडेच.

आता या वेळेला पार्कात माणसं असणार, हे खरंय. पार्क आधी त्यांचं आहे असं धरूनच चालव. ज्येष्ठ मंडळी तीन-तीन जण रांगेत चालतात, कानात इअरफोन असतात, लहान मुलं अचानक बॉलमागे धावतात. घंटी लांबूनच एकदा वाजव, जवळ येऊन वाजवली की माणूस दचकून नेमका तुझ्या बाजूला सरकतो. त्यापेक्षा मी आवाज देते, "काका, उजवीकडून येतेय", आणि पास करताना "थँक्यू काका" म्हणते, आठवड्याभरात ते तुला ओळखायला लागतात आणि लांबूनच बाजू देतात. गर्दीच्या फेरीत वेग धावणाऱ्या माणसाएवढाच ठेव, आणि मोबाइलवर फेरीची वेळ मोजायचं बंद कर. ९०० मीटरमध्ये चार-पाच वळणं आणि पन्नास माणसं असतील तर १६-१७ हा चांगलाच वेग आहे, पाम बीचच्या सरळ डांबरी रस्त्यावरच्या २८ शी त्याची तुलनाच होत नाही. स्पीडऐवजी पाय मोज. पंधरा सेकंदांत उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते बघ, वीस-बावीस झाला तर मिनिटाला ऐंशी-पंच्याऐंशी होतात, तेवढं ठेव, त्याच्या खाली असेल तर गिअर जड आहे, हलका कर. जड गिअर रेटून गुडघे दुखवू नकोस, खास करून पहिल्या दहा मिनिटांत.

आणि रस्ता. तुझं ते मागे वळून बघणं दहाला दहा झालं, ब्रेक झाले, हँगर-हेल्मेट-स्टेम झालं, तर बहुधा जानेवारीच्या शेवटी तू तयार असशील. संक्रांतीच्या आठवड्यात मात्र नकोच. नायलॉन मांजावर २०१७ पासून देशभर बंदी आहे तरी तो मिळतो आणि रस्त्यावर आडवा लोंबकळतो, दोन चाकांवरच्या माणसाच्या गळ्याच्या उंचीवर. त्या आठवड्यात पार्कातही ऊन नीट आल्यावरच जा आणि गळ्याला स्कार्फ गुंडाळ.

पहिल्यांदा पाम बीच नको. तिथे गाड्या फार वेगात असतात, आणि प्रत्येक सिग्नलला डावीकडे वळणाऱ्या गाड्या तुझ्यासमोरून कापून जातात. पहिले तीन रविवार सेक्टरचे आतले रस्ते, नेरूळ ते सीवूड्स आणि परत, आठला निघ, ऊन आलेलं असतं आणि वाहनं कमी असतात. कडेला अगदी चिकटून चालवू नकोस, उभ्या गाड्यांपासून दरवाजा उघडेल एवढं अंतर ठेव. गटाराच्या जाळ्या बघ, काहींच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतात आणि २५ चा टायर त्यात आरामात जातो. दिवे दिवसाही लाव, पुढे पांढरा, मागे लाल. सीवूड्सला डीपीएस तलावाकडे फ्लेमिंगो आलेत का बघ, त्यांचा सीझन चालूच आहे, पण आधी सायकलवरून उतर आणि मग बघ. हे तीन रविवार नीट झाले की चौथ्याला पाम बीच, एकटी नाही, त्या ऑफिसवाल्याला घेऊन जा, तो पुढे आणि तू मागे, त्याला २० च्या वर जायचं नाही असं आधीच सांग. किल्ला जंक्शनला महापालिकेच्या इमारतीपर्यंत जायचं, तिथून परत. थंडी फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतच आहे, तोवर आतल्या रस्त्यांचे तीन रविवार तरी होतील.

निघताना एखादं केळं खाऊन निघ, दोन राजगिऱ्याच्या चिक्क्या खिशात टाक. जादा ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायच्या पट्ट्या) आणि छोटा पंप सोबत असू दे, आणि त्याआधी घरी हॉलमध्ये बसून दोनदा चाक काढून ट्यूब बदलून बघ. फोन, थोडे सुटे पैसे, आणि एका कागदावर तुझं नाव, रक्तगट आणि घरचा नंबर. घरी कुठल्या रस्त्याने चाललीयेस ते सांगून जा.

परत आलीस की मला लिही, किती वाजता निघालीस, कुठे थांबलीस, आणि पहिल्यांदा खऱ्या रस्त्यावर मागे वळून बघितलंस तेव्हा सायकल हलली का, हे तिसरं नक्की लिही.